मलेरियाच्या जंतूचं कॅल्शियम: हे प्रकरण सुरू कुठून झालं

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मग घरोघरी बॅरल, हौद, गच्चीवरची टाकी भरून ठेवायची, आणि नेमका असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा शहरी मलेरियाचा डास अंडी घालतो. म्हणून ते ॲबेट हे अळ्या मारायचं औषध पाण्यात टाकणारे, गप्पी मासे सोडा म्हणणारे लोक दारात येतात. तो झाला डासाचा बंदोबस्त. जंतूवरच्या औषधांचं वाचायला गेलं की मात्र कॅल्शियमचा विषय निघतो, त्याच्या मागचं सांगतो. हाडांच्या गोळ्यांशी याचा काही संबंध नाही हां.

१८८० साली अल्जेरियात लॅव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं पेशंटचं ताजं रक्त मायक्रोस्कोपखाली धरलं, तर एका गोल जंतूतून बारीक शेपट्या निघून वळवळायला लागल्या. हे जिवंत आहे हे त्याला तिथंच पटलं. त्या शेपट्या म्हणजे जंतूच्या नर पेशी. खरं तर हे डासाच्या पोटात व्हायचं, पण रक्त शरीराबाहेर येऊन गार झालं की काचेवरही होतं. पुढं १८९७ ला रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू दाखवला, ते सगळ्यांना माहितीये.

पण शेपट्या सोडायचा हुकूम कुठून सुटतो हे कळायला शंभरावर वर्षं गेली. १९९८ ला डासाच्या अंगातलं झँथुरेनिक ॲसिड सापडलं, आणि २००४ ला पुढचं कळलं की त्या ॲसिडमुळं जंतूच्या आत कॅल्शियम वाढतं, ते सीडीपीके-४ नावाच्या एन्झाइमला जागं करतं, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत डीएनए तीनदा दुप्पट होऊन एकाचे आठ नर. उंदरांच्या मलेरियाच्या जंतूतून हे एन्झाइम काढलं तर नर बनेचनात, मग डासात संसर्गही नाही.

औषधवाल्यांना यात रस का, तर सीडीपीके हे कॅल्शियमवर चालणाऱ्या एन्झाइमांचं घराणं झाडांमध्ये असतं, माणसात नाहीच. त्यामुळं औषध आपल्या पेशींना कमी त्रास देईल अशी आशा. २०१० ला अजून दोन गोष्टी पुढं आल्या: लाल पेशी फोडून बाहेर पडायला जंतूला सीडीपीके-५ लागतं, आणि दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेच्या टीमनं दाखवलं की बाहेर रक्तात आल्यावर पोटॅशियम कमी मिळालं की जंतूच्या आत कॅल्शियम चढतं आणि तो नवीन पेशीत घुसायची तयारी करतो.

पण सगळं सरळ नाही गेलं. २००३ ला आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध जंतूचा कॅल्शियम पंप बंद पाडतं असा गाजावाजा झाला, पण नंतर पुरावा टिकला नाही, आणि २०१४ ला रेझिस्टन्सचं, म्हणजे जंतू या औषधाला का दाद देत नाही याचं, बोट के-१३ या भलत्याच जीनकडं गेलं. सीडीपीके-१ चंही तेच, १९९३ ला सापडलेलं, २००८ ला त्याला अडवणारं केमिकलपण आलं, आणि २०१८ ला कळलं की ते काढलं तरी रक्तातला जंतू जगतो, अडतो तो डासात जाताना.

इथंच खरी गोम आहे असं मला वाटतं. सीडीपीके-४ अडवणारी गोळी दिली तर प्रसार थांबेल, पण तापानं फणफणलेल्या माणसाला त्याच रात्री आराम पडायचा नाही, म्हणजे सोबत दुसरं औषध द्यायलाच लागणार. म्हणून पीकेजी या जंतूच्या दुसऱ्या एन्झाइमवर पण काम चालू आहे, कारण कॅल्शियम चढवण्यात त्याचा हात आहे आणि ते रक्तात नि डासात दोन्हीकडं लागतं. मेडिकलमध्ये मिळेल अशी सीडीपीकेवरची गोळी अजून एकही नाही.