चटका नाही, तरी कातडी भाजते

स्तनाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांनी त्या भागातली त्वचा लाल होते, मग काळवंडते, खाजते, कधी सालं निघून ओलसर होते. बघणारा म्हणतो, 'भाजलं'. पण यात उष्णतेचा हात नाही. नेहमीच्या पद्धतीत रोज 2 ग्रे मात्रा देतात, म्हणजे एक किलो ऊतीमागे 2 ज्यूल ऊर्जा. तेवढ्यानं तापमान वाढतं ते एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागानं. चहाचा एक घोटही याहून जास्त ऊब देतो.

खरा मामला पाण्याचा आहे. पेशीत सर्वाधिक असतं ते पाणीच. किरणांमुळे त्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून समोर येईल त्या रेणूकडून तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्याचं आयुष्य काही नॅनोसेकंदांचं आणि धाव काही नॅनोमीटरची. म्हणजे डीएनएला खेटून असलेलं पाणी फुटलं तरच डीएनए त्याच्या तावडीत सापडतो. तरीही क्ष-किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश या मार्गानं होते. 1 ग्रेमागे एका पेशीत डीएनएचा एकेरी धागा हजारेक ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे 30-40 ठिकाणी. एकेरी तुटी पेशी बऱ्यापैकी सांधते. दुहेरीत चुका होतात. पेशीच्या आवरणातली मेदद्रव्यंही याच काळात ऑक्सिडाइज होतात.

ऑक्सिजन इथे आगीत तेल ओततो. रॅडिकलनं दुखावलेल्या जागी तो चिकटला की ती इजा पक्की होते. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पेशी त्याविना असलेल्या पेशींपेक्षा अडीच ते तीन पट जास्त संवेदनशील असतात. हे महत्त्व 1953 मध्ये ठळकपणे मांडणाऱ्यांत लुई हॅरल्ड ग्रे होते, ज्यांच्या नावानं ते एकक आहे. पंचाईत अशी, की मोठ्या गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो आणि रक्तपुरवठा चांगला असलेल्या निरोगी ऊतीत तो पुरेसा.

हे सगळं क्षणार्धात उरकतं, मग त्वचा आठवडे का थांबते? कारण मार खातात त्या तळच्या थरातल्या, सतत विभागणाऱ्या पेशी. वरचा थर झिजत राहतो आणि खालून भरती कमी पडते, तेव्हा कुठे लक्षण दिसतं. मधल्या काळात बिघडलेली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं, स्वतःच नवे ऑक्सिडंट, म्हणजे इलेक्ट्रॉन हिसकावणारे रेणू, सोडत राहतात. त्यातून जागं होणारं टीजीएफ-बीटा हे प्रथिन काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्वचा घट्ट आणि राठ करतं.

मग रॅडिकल्सना निकामी करणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात? तर्क सरळ वाटतो, पण त्या गोळीला गाठ कुठली नि त्वचा कुठली ते कळत नाही. कॅनडात डोके-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन एकत्र घेणाऱ्यांना उपचारांचा त्रास कमी झाला. मात्र आजार त्याच जागी परतण्याचं प्रमाण वाढण्याकडे झुकलं. म्हणून उपचार चालू असताना अशा गोळ्यांच्या मोठ्या मात्रा मनानं घेणं मला तरी जोखमीचं वाटतं. मोमेटासोनसारख्या स्टिरॉइड मलमाची गोष्ट वेगळी. ते रॅडिकल्सच्या वाटेला जात नाही. मागाहून उठणारा दाह कमी करतं आणि तेही लावलेल्या जागेपुरतंच.