कुलवृत्तांतात न सापडणारी आत्या

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुलवृत्तांताची जाडजूड प्रत आहे. गायकवाडांच्या चाकरीसाठी कोकणातून बडोद्याला पहिल्यांदा कोण आलं, कुणाला किती मुलगे झाले, सगळं त्यात सापडतं. मुली मात्र लग्न झालं की एका ओळीत संपतात.

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीला 42व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. इतक्या कमी वयात झाला म्हणून डॉक्टरांनी तिला जनुकीय समुपदेशकाकडे, म्हणजे वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. बाई मुंबईच्या, भेट व्हिडिओवर. आधी मोबाइलवर एक फॉर्म आला: तीन पिढ्यांतली माणसं, आईकडची आणि वडिलांकडची, कुणाला कुठल्या अवयवाचा कॅन्सर, कितव्या वर्षी. माहिती भरत गेलं की खाली वंशावळ आपोआप उमटते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, कॅन्सर झालेली व्यक्ती काळी भरलेली, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ.

आम्ही अडलो ते आत्यापाशी. ती नागपूरला दिलेली, आमच्या लहानपणीच गेली. घरात एवढंच माहीत की ‘तिच्या पोटात पाणी झालं होतं’. फॉर्ममधल्या यादीत पोटातलं पाणी कुठून असणार? बहिणीने ‘माहीत नाही’वर बोट ठेवलं आणि पुढे गेली.

समुपदेशकबाई नेमक्या तिथेच थांबल्या. पोटात पाणी यकृताच्या आजाराने होतं, क्षयाने होतं, तसं अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. “जुना एखादा कागद मिळेल का?”

आता मुळात कॅन्सर वारशाने येतो तो थोड्यांनाच, कॅन्सर झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना. त्यातली सर्वांत गाजलेली जनुकं म्हणजे बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2. पहिलं सतराव्या गुणसूत्रावर, दुसरं तेराव्या. 1990मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्याचा ठावठिकाणा दाखवला, 1994मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागलं. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते नीट सांधायचं काम ही जनुकं करतात. सांधणारेच बिघडले की चुका साठत जातात. बीआरसीए-1मध्ये घातक बदल असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या वर धरतात, अंडाशयाचा होण्याची साधारण 40 ते 60 टक्के. आणि हा बदल बापाकडूनही येतो, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. ‘आमच्या आईकडे कुणाला नव्हता’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट.

केंब्रिज विद्यापीठाचं कॅनरिस्क नावाचं साधन अशी वंशावळ घेऊन धोक्याचा आकडा काढून देतं. अमेरिकेत यूटा आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे 3 हजार लोकांवर झालेल्या चाचणीत जनुक-तपासणीपूर्वीची माहिती चॅटबॉटने दिली काय नि माणसाने दिली काय, तपासणी करून घेण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. मला यात नवल वाटत नाही. जनुक म्हणजे काय हे दिवसातून दहा वेळा समजावणं यंत्राने करावं. ‘पोटात पाणी’ ऐकून थबकायला माणूस हवा. शिवाय हे आकडे काढणारी गणितं बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेली. आपल्याकडच्यांच्या जनुकांचा अभ्यास कमी, त्यामुळे तपासणीत सापडलेल्या बदलापुढे अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त वेळा येतो. तेवढ्यावरून कुणी स्तन किंवा अंडाशय काढायच्या शस्त्रक्रियेला जायचं नसतं. माहिती साठेल तसा तो शेरा पुढे बदलूही शकतो.

कागदासाठी बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर आतेभावाला गाठलं, खासगीत. (घराण्याच्या ग्रुपवर नको, हे बाईंनी बजावलं होतं. दुसऱ्याचा आजार आपण चव्हाट्यावर मांडायचा नसतो.) त्याने ट्रंकेतून काढलेल्या एका डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर नाव शालिनी. आमची आत्या तर कुसुम! मग आईला आठवलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. कार्डावर वय 49, आणि निदान अंडाशयाचा कॅन्सर. पुढच्या व्हिडिओभेटीत बाईंनी ते वर्तुळ आमच्यासमोर काळं केलं.

बहिणीच्या रक्तात बीआरसीए-1चा घातक बदल सापडला. घरात तो एकदा नक्की कळला की बाकीच्यांचं अख्खं जनुक वाचावं लागत नाही, तेवढी एकच जागा बघायची. खर्चही बराच कमी. नातलगांना द्यायचं पत्र बाईंनी मराठीत आणि गुजरातीत तयार करून पाठवलं.

आमच्या शाखेत पहिला नंबर बाबांचा. त्यांच्यात तो बदल नसेल तर त्यांच्याकडून मला आणि माझ्या भावाला येण्याचा प्रश्नच उरत नाही. “बायकांचा रोग, माझं रक्त कशाला?” म्हणत ते आठवडाभर अडून बसले. या जनुकातल्या बदलाने पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचासुद्धा कॅन्सर होऊ शकतो, हे फोनवर ऐकल्यावर गप्प झाले. आज सकाळी रक्त न्यायला लॅबचा मुलगा येणार आहे. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून बाबांचा दुसरा चहा चाललाय.