ताई ची ही चीगोंग कधी झाली?

'ताई ची' ही संथ हालचालींची चिनी विद्या, 'चीगोंग' म्हणजे श्वासावर आधारलेल्या चिनी साधना. मराठीत ही दोन नावे शेजारी लिहिली की दोन्हींतला 'ची' एकच वाटतो. तसा तो नाही. पहिला म्हणजे परमसीमा, दुसरा म्हणजे श्वास किंवा प्राण. चिनी लिपीत अक्षरेही निराळी. त्यामुळे 'ताई ची हा चीगोंगचाच प्रकार' हे विधान नावावरून ठरत नाही, त्यासाठी मागे जावे लागते.

पूर्ण नाव ताईचीछुआन. 'छुआन' म्हणजे मूठ, म्हणजे ही मुळात लढायची विद्या. हेनान प्रांतातल्या चेनच्यागौ या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात चेन वांगतिंग या योद्ध्याने ती रचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्यातले बरेचसे पवित्रे सेनापती छी जीग्वांग यांच्या सोळाव्या शतकातल्या युद्धग्रंथातील 32 पवित्र्यांशी जुळतात.

श्वास आला तो 'दाओयिन' या कितीतरी जुन्या परंपरेतून. अंग ताणायचे, वळवायचे आणि त्याबरोबर श्वास न्यायचा. चीनमधील मावांगद्वे येथे इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या कबरीच्या उत्खननात 1970 च्या दशकात रेशमी कापडावरचे एक चित्र मिळाले. त्यावर व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या आहेत, बायकाही, पुरुषही. मला या साऱ्या इतिहासातला हाच पुरावा सर्वांत जिवंत वाटतो.

संथपणा मात्र बराच अलीकडचा. चेन गावात शिकलेले यांग लुछान (1799-1872) ही विद्या बीजिंगला घेऊन गेले. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी उड्या आणि झटके गाळून तिला एकसारखा ओघ दिला. बागांतून आज दिसते ती बहुधा याच वळणाची.

'चीगोंग' हा शब्द जुना असला, तरी सगळ्या श्वसनसाधनांचे सामायिक नाव म्हणून तो 1950 च्या दशकात रुजला. अल्सरने बेजार झालेले ल्यू ग्वेईजेन एका पारंपरिक साधनेने बरे झाले आणि पुढे बेईदायहे येथील आरोग्यधामात त्यांनी तिला उपचाराचे रूप दिले. त्याच दशकात, 1956 मध्ये, सरकारी क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून 24 हालचालींची सोपी ताई ची बसवली. एकीची वाट दवाखान्याकडे गेली, दुसरीची मैदानाकडे. सांस्कृतिक क्रांतीत चीगोंग दडपली गेली; 1980 च्या दशकात तिची लाट उसळली, आणि या लाटेत ताई चीकडेही चीगोंग म्हणून पाहणे सर्रास झाले.

सरावाच्या अंगाने ते पटतेही: मन, श्वास आणि हालचाल तिथे एकत्रच चालतात. पण 'तुइशोउ', म्हणजे जोडीदाराच्या हातांना हात लावून ढकलण्याचा सराव, सोडून दिला, तर हाताशी उरते ती अर्धीच विद्या. चीनमध्येही 2003 साली आरोग्य-चीगोंगचे चार अधिकृत संच जाहीर झाले, त्यांत ताई ची नव्हती.