पॉइंट टू टूचं लायसन आणि गोळ्या: कोणाला मिळतं, कागद काय लागतात

स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमधे 50 मीटर रायफलमधे ब्राँझ आणलं तेव्हापासून बरेच पालक विचारतात की पॉइंट टू टूच्या, म्हणजे त्या खेळातल्या 0.22 इंची रायफलच्या, गोळ्या दुकानात अशाच मिळतात का. नाही मिळत. 20 जूलच्या आतल्या ताकदीची 0.177 इंची एअर रायफल (हवेच्या दाबानं छर्रा मारणारी) बिनालायसनची चालते, पण पॉइंट टू टू रिमफायर म्हणजे पितळी काडतुसाच्या तळाच्या कडेतच पेटणारा मसाला भरलेला असतो, ते पूर्ण अग्निशस्त्रात येतं आणि बिनालायसन एक राउंड (गोळी) जरी खिशात सापडला तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे.

आणि शिकारीचं आधीच सांगतो, परदेशातले व्हिडिओ बघून ससा-तितर मारायचं डोक्यात असेल तर काढून टाका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे ते बंद आहे, लायसन असलं तरी. राहतं ते टार्गेट शूटिंग, आणि त्याच्यासाठी रस्ता खरंच सरळ आहे.

माझं ठाम मत, आधी क्लबची मेंबरशिप घ्या, मग अर्ज भरा. कारण आर्म्स कायद्याच्या कलम 13 मधे पॉइंट टू टू रायफल टार्गेट प्रॅक्टिससाठी मागणारा माणूस केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा असोसिएशनचा मेंबर असेल तर त्याची वेगळी सोय आहे, इतरांसारखं जिवाला धोका वगैरे सिद्ध करत बसावं लागत नाही. लोक हे न बघता नुसतं "स्पोर्ट" लिहून अर्ज टाकतात आणि मग महिनोन्‌महिने फाईल हलत नाही.

स्वतःच्या नावावर लायसन घ्यायला वय 21 पूर्ण पाहिजे. 12 वर्षांपुढची मुलं ट्रेनिंगमधे देखरेखीखाली चालवू शकतात, त्यामुळे दहावीतल्या पोराला घाईनं रायफल घेऊन द्यायची गरजच नाही, क्लबची वापरू दे.

अर्ज फॉर्म ए-1 मधे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला. सोबत फोटो, ओळखीचा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, क्लबचं पत्र, स्पर्धेत खेळला असाल तर सर्टिफिकेटं, सेफ्टी ट्रेनिंगचं एस-1 आणि डॉक्टरांचं एस-3 फॉर्मवरचं सर्टिफिकेट. शस्त्र घरात कुठे आणि कसं कुलपात ठेवणार तेही लिहून द्यावं लागतं. मग पोलीस व्हेरिफिकेशन, घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, घाबरू नका.

आता गोळ्यांचं, इथे सगळे गडबडतात. लायसनवर वर्षाला किती आणि एकावेळी किती राउंड ते छापलेलं असतं, डीलर प्रत्येक खरेदीची नोंद करतो. 2020 च्या फेब्रुवारीतल्या नोटिफिकेशननं शूटर्सची पॉइंट टू टूची वर्षाची मर्यादा 1000 वरून 5000 केली, म्हणजे 50 च्या बॉक्सचे 100 बॉक्स. एका मॅचलाच 60 गोळ्या आणि वर सायटर्स, म्हणजे नेम जुळवायला आधी मारायच्या गोळ्या, रोजच्या सरावाचा हिशोब करा म्हणजे 1000 मधे काय होत असेल ते कळेल. म्हणून लायसन हातात आलं की पहिला तो आकडा बघा, शूटर्सच्या 5000 ऐवजी कमी कोटा पडला असेल तर लगेच क्लबच्या पत्रासकट दुरुस्तीचा अर्ज द्या. खरेदी करताना बॉक्सवरचा लॉट नंबर (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेचा नंबर) बघून एकाच लॉटच्या घ्या, लॉट बदलला की ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ लागतात ते, बदलतं.

लायसन 5 वर्षांचं असतं. संपायच्या दोन महिने आधीच रिन्यूअल टाका आणि पावती जपून ठेवा.