ओटीपीवरचं खातं आणि व्हिडिओ केवायसीचं खातं: नंबर दोघांना मिळतो, पगार दोघांत मावत नाही

ऐरोली-घणसोलीकडच्या कंपनीत नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात एचआरची मेल येते: अमुक बँकेत सॅलरी अकाउंट उघडा आणि खाते क्रमांक कळवा. जुनं खातं ठाण्यातल्या एखाद्या सहकारी बँकेत असतं, नाहीतर थेट गावाकडच्या शाखेत. ते तसंच ठेवून माणूस नव्या बँकेचं ॲप घेतो, आधार क्रमांक टाकतो, ओटीपी टाकतो, पॅन टाकतो, आणि चहा संपायच्या आत खाते क्रमांक हातात पडतो. मग काही ॲप्स विचारतात, व्हिडिओ केवायसी (म्हणजे बँकेने व्हिडिओ कॉलवर तुमची ओळख पटवणं) आत्ता करायचं की नंतर? ऑफिसात बसलेला माणूस ‘नंतर’वरच बोट ठेवणार. दोन वाटा फुटतात त्या इथे: कोणी ओटीपीवरच थांबतो, कोणी व्हिडिओ केवायसी करून टाकतो. पुढे दोघंही छातीठोकपणे सांगतात, ‘माझं केवायसी झालंय.’ दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघांच्या खात्यांना नियम मात्र वेगवेगळे लागतात.

पेरोलच्या टेबलावर बसून हे मी वर्षानुवर्षं बघतोय. गोंधळाचं मूळ असं की सुरुवात दोन्हीकडे सारखीच असते. आधारचा ओटीपी व्हिडिओ केवायसीतही येऊ शकतो. त्यामुळे ‘ओटीपी टाकला म्हणजे कच्चं खातं’ असंही म्हणता येत नाही. बँकेच्या माणसाने तुम्हाला पाहिलं का, फरक एवढाच.

ओटीपी बरोबर आला, याचा अर्थ आधारला जोडलेला मोबाइल नंबर ज्याच्या हातात आहे त्याने होकार दिला. तो हात कोणाचा, हे बँकेला कळत नाही. सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉमवर ‘हो, सोडा’ ऐकून गेट उघडावं, तसं ते आहे. म्हणून समोरासमोर न येता निव्वळ आधार-ओटीपीवर उघडलेल्या खात्यावर रिझर्व्ह बँकेने लगाम घातले आहेत. तिच्या केवायसी निर्देशांत ते स्पष्ट आहेत. त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेव-खात्यांतली शिल्लक मिळून १ लाख रुपयांच्या वर जाता कामा नये. एका आर्थिक वर्षात सगळी जमा मिळून २ लाखांपर्यंतच हवी. कर्ज घेतलं तर फक्त मुदत कर्ज, तेही वर्षाला ६०,००० पर्यंत. आणि खात्याचं आयुष्य एक वर्ष. तेवढ्यात पूर्ण ओळख पटवली नाही, तर बँकेने ते खातं ताबडतोब बंद करायचं असतं.

आता यात पगार घालून बघा. हातात ४०,००० येणारा मुलगा एप्रिलमध्ये रुजू झाला तर पाच पगारांत २ लाख भरतात आणि सहावा पगार मर्यादेबाहेर जातो. त्यात त्याने जुन्या खात्यातले स्वतःचेच ६०,००० इकडे वळवले असतील तर चौथ्या पगारालाच अडतं. कारण मर्यादा जमेवर आहे, कमाईवर नाही. स्वतःचेच पैसे इकडून तिकडे केले, मित्राने हॉटेलच्या बिलाचा वाटा यूपीआयवर पाठवला, तरी ते सगळं त्या २ लाखांत मोजलं जातं. डिसेंबरमध्ये रुजू झालेला मात्र मार्चपर्यंत जेमतेम निभावतो. १ एप्रिलला वर्षाची मोजणी नव्याने सुरू होते आणि त्याला वाटतं, आपलं सगळं ठीक आहे. पण त्याने पैसे साठू दिले आणि शिल्लक १ लाखाच्या वर गेली, तर पूर्ण ओळख पटेपर्यंत खातं चालायचं थांबतं, असाच नियम आहे. पैसे कुठे जात नाहीत, पण घरभाडं आणि बाइकचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर महिन्याच्या सुरुवातीला धावपळ ठरलेली. आणि नेमका त्याच वेळी माणूस आमच्याकडे येऊन विचारतो, ‘पगार का नाही झाला?’ पगार झालेला असतो.

व्हिडिओ केवायसीला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली. यात पलीकडे बँकेचा प्रशिक्षित अधिकारी प्रत्यक्ष, त्याच क्षणी, तुमच्याशी बोलतो. तो चेहरा आधारवरच्या आणि पॅनवरच्या फोटोशी ताडतो, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो, प्रश्न विचारतो. रेकॉर्डिंगवर तुमचं ठिकाण, तारीख आणि वेळ उमटते. त्यानंतर बँकेत त्या रेकॉर्डिंगची तपासणी होते आणि मगच खातं चालू होतं. अशी ओळख शाखेत समोर बसून पटवलेल्या ओळखीच्या बरोबरीची धरली जाते, म्हणून वर सांगितलेल्या १ लाख, २ लाख, एक वर्ष यांपैकी एकही मर्यादा तिला लागत नाही. कमी जोखमीच्या ग्राहकाला पुढचं केवायसी अद्ययावत करायला थेट १० वर्षांची मुदत असते.

अडचणी येतात त्या कॉलच्या वेळी, आणि त्या बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात. प्रश्न मुद्दाम बदलून विचारले जातात, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवता येऊ नये. आणि शेजारून कोणी उत्तर पुरवताना दिसलं तर अर्ज नाकारायचा, असा नियमच आहे. आपल्या घरांत हे सांभाळणं अवघड! मुलगी कॉलवर, वडील फोन धरून बसलेले, आणि आई मागून, ‘अगं, जन्मतारीख सांग ना, शाळेतली नको, आधारवरची सांग.’ झालं, संपला कॉल. ज्येष्ठांचं खातं उघडून देताना मुलांनी खोलीबाहेर थांबावं, एवढंच मी म्हणेन.

आयटीवाल्यांची अडचण निराळी. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरवरून वळवणारी सोय) चालू असतं आणि ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये बसलेला माणूस बँकेच्या यंत्रणेला सिंगापुरात बसलेला दिसतो. भारताबाहेरच्या आणि बनावट आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरच्या ठिकाणाच्या क्रमांकांवरून) आलेली जोडणी बँकेने अडवायची असते, त्यामुळे कॉल लागतच नाही. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, लोकेशन चालू, एवढं पुरतं. लोकलमध्ये बसून मात्र हे करू नका. कॉल मधेच तुटला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पॅनची एक गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. ई-पॅनची, म्हणजे पॅनच्या डिजिटल फाइलची, झेरॉक्सच्या दुकानात काढलेली रंगीत प्रत, वर लॅमिनेशन, ही व्हिडिओ केवायसीत चालत नाही. मूळ कार्ड दाखवायचं, नाहीतर ई-पॅन डिजिटल स्वरूपातच द्यायचं, म्हणजे बँक ते डिजिलॉकरवरून (सरकारच्या ऑनलाइन कागदपत्र-कपाटातून) किंवा आयकर खात्याकडून पडताळून घेते. छापलेली प्रत दोन्हींत बसत नाही.

आणि आणखी एक फसवा प्रकार म्हणजे सेल्फी. काही ॲप्स डोळे मिचकावायला लावतात, मान डावी-उजवी करायला लावतात, गोल हिरवा झाला की ‘अभिनंदन’ म्हणतात. माणसाला वाटतं, व्हिडिओ केवायसी झालं. पलीकडे बँकेचा अधिकारी नव्हता, तर ते व्हिडिओ केवायसी नव्हे. स्वतःला एकच विचारा: समोरच्या माणसाने मला काही विचारलं का, आणि मी उत्तर दिलं का? उत्तर ‘नाही’ असेल तर खातं पहिल्या वाटेवरचं असण्याची शक्यताच जास्त.

पत्त्याचा गुंता ठाणे-नवी मुंबईत जास्त, कारण इथे आधारवर सातारा-सांगलीचं गाव आणि राहायला कळव्यात किंवा कोपरखैरण्यात भाड्याने, अशी माणसं ढिगाने. लोक भाडेकराराची नोंदणी होईपर्यंत खातं उघडायचं थांबतात. आधारची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, करून खातं उघडत असाल तर हे थांबणं बहुधा फुकट असतं. सध्याचा पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल तर तो स्वतःच्या घोषणेवर देता येतो. पासपोर्ट किंवा वाहन परवाना देऊन खातं उघडत असाल आणि त्यावर जुना पत्ता असेल, तर मात्र कागद लागतो: दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाणी, पाइप गॅस किंवा पोस्टपेड फोनचं बिल, किंवा मालमत्ता कराची पावती. त्यानंतर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं मूळ ओळखपत्रही द्यावं लागतं. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर असतं आणि खासगी घरमालकाबरोबरचा साधा लिव्ह अँड लायसन्स करार त्या यादीत नाही. भाडेकरूला म्हणूनच आधारचा रस्ता सोपा जातो.

लग्नानंतर नाव बदललेल्यांसाठी: ओळखपत्र जुन्या नावाचं असलं तरी त्यासोबत सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र दिलं की ते ग्राह्य धरलं जातं. व्हिडिओ कॉलवर मात्र पॅन आणि आधारवर दोन वेगळी नावं असली की अधिकारी बिचकतो. त्यापेक्षा शाखेत जावं हे उत्तम.

आता केंद्रीय केवायसीचा १४ आकडी क्रमांक. एकदा केवायसी झालं की माहिती केंद्रीय नोंदणीत जाते आणि पुढच्या बँकेला तो क्रमांक दिला की कागद पुन्हा मागायची गरज पडत नाही, असं सांगतात. खरं आहे, पण पक्क्या केवायसीपुरतं. ओटीपीवर उघडलेल्या खात्याची नोंद तिथे ‘ओटीपीवर उघडलेलं’ अशीच जाते आणि त्या नोंदीच्या आधारावर दुसऱ्या बँकेने खातं उघडायचं नसतं. शिवाय ओटीपीवर खातं उघडताना आपण एका घोषणेवर टिकमार्क करतो: असं खातं मी इतर कुठे उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. ती ओळ वाचणारा मला अजून भेटलेला नाही. दोन नोकऱ्या, दोन बँका, दोन्हीकडे ‘नंतर’ दाबलेलं, म्हणजे त्यातली एक घोषणा खोटी झाली.

आधारला जोडलेला नंबर कोणाचा आहे, हेही बघा. आधार शाळेत असताना काढलेलं, नंबर वडिलांचा, वडील गावी. ओटीपीवरच्या खात्याच्या सूचना आणि पुढचे ओटीपी फक्त त्या आधारच्या नंबरावरच पाठवायचे असतात. म्हणजे पगार ठाण्यात, मेसेज कराडला! आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.

‘तुमचं केवायसी संपलंय, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करतो’ म्हणणारे ठग सध्या बरेच आहेत. खऱ्या व्हिडिओ केवायसीची जोडणी बँकेच्या स्वतःच्या सुरक्षित नेटवर्कवरून व्हावी लागते. व्हॉट्सॲपवर कोणी पॅन दाखवायला सांगितलं की फोन ठेवायचा, नमस्कार-चमत्कार न करता.

मग आधीच ओटीपीवर खातं उघडून बसलेल्याने काय करायचं? वर्ष संपायची वाट न बघता व्हिडिओ कॉल लावायचा. आधारवरून करत असाल तर ओटीपी नव्याने द्यावा लागतो, कारण जुना होकार पुढे धरला जात नाही. प्रक्रिया एका बैठकीत झाली नाही, तर माहिती घेतल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत व्हिडिओ व्हावा लागतो, नाहीतर सगळं पुन्हा. ज्यांना आधार वापरायचं नाही, मोबाइल नंबर जोडलेला नाही किंवा पॅन नाही, त्यांनी सरळ शाखा गाठावी. खातं उघडायला आधारच द्या असं बँक म्हणू शकत नाही. सरकारी अनुदान खात्यात हवं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. शाखेत पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो. आधार द्यायचं असेल तर तिथेच बोटाचा ठसा दिला की एका फेरीत पूर्ण केवायसी होतं. आमच्याकडे आता खाते क्रमांक घेताना मी फॉर्मवर एक रकाना वाढवलाय: ‘व्हिडिओ केवायसी / शाखा / फक्त ओटीपी’. तिसऱ्यावर खूण असेल तर पहिला पगार जुन्याच खात्यात सोडतो, आणि जुनं खातं पक्कं केवायसी होऊन हप्ते नव्या खात्याकडे वळेपर्यंत बंद करू नका, असं सांगतो.