डोकं फिरलं म्हणजे नेमकं काय झालं?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर कोणाचं ना कोणाचं डोकं फिरतंच. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात भावना सांभाळायचं ट्रेनिंग ठेवलं होतं, खरं सांगतो, मी फक्त एसी अन् समोशासाठी बसलो. मॅडमनी कोरा कागद दिला, म्हणाल्या शेवटचं भांडण लिहा, पण 'राग' अन् 'टेन्शन' हे दोन शब्द चालणार नाहीत. शेजारचा पेन चावत बसला, "मग लिहू काय बे?"

हळूहळू शब्द निघाले. वैताग, हिरमोड, धास्ती, जळफळाट. माझ्या भांडणात तर राग नव्हताच मुळी, साहेबांनी चारचौघांत चूक काढली म्हणून मी ओशाळलो होतो अन् घरी येऊन वरणात मीठ जास्त झालं म्हणून बायकोवर ओरडलो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. 2007 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, जरा शांत व्हायचा अन् कपाळामागचा उजवीकडचा एक भाग जास्त कामाला लागायचा. 2012 चा प्रयोग तर भारीच, कोळ्याला घाबरणाऱ्या लोकांसमोर जिवंत टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, ठेवला. आठवड्यानं परत तपासलं तर "मला भीती वाटतेय, हा अंगावर उडी मारेल" असं तोंडानं बोलणाऱ्यांच्या हाताला घाम कमी सुटला, मन दुसरीकडे वळवणाऱ्यांपेक्षाही कमी.

आपल्याकडे मात्र शिकवतात गिळून टाक. ग्रॉस अन् लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये हेच तपासलं, किळसवाणी फिल्म दाखवून काहींना चेहरा कोरा ठेवायला सांगितलं, चेहरा कोरा राहिला पण आतली किळस तेवढीच, वर घाम वाढला.

बाकी 'यशात 80 टक्के वाटा भावनांचा' असं कोणी स्लाइडवर दाखवलं तर विश्वास ठेवू नका. डॅनियल गोलमन यांनी 1995 च्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकात यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर 20 टक्के म्हटलं होतं, उरलेल्या 80 मध्ये नशीब, घरदार सगळंच आलं.

परवा सिग्नलवर मागच्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी हेल्मेटच्या आत पुटपुटलो, "तहान, उशीर, साहेबांची धास्ती." राग काही पूर्ण गेला नाही, पण मागे वळून पाहिलं नाही.