चिंचेने घासलेला पाव आणा

माझ्या टेबलावर १८३५ सालचे, ईस्ट इंडिया कंपनीचे दोन पाव आणे, म्हणजे रुपयाच्या चौसष्टाव्या हिश्श्याची नाणी, शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही तांब्याचे, दोन्ही साधारण साडेसहा ग्रॅम वजनाचे, आणि कंपनीच्या ढालीला दोन्ही बाजूंनी धरून उभे असलेले झेंडेवाले सिंह दोन्हींवर सारखेच ठसठशीत. पहिल्याचा रंग खजुरासारखा गडद तपकिरी आहे. दुसरा नारिंगी-गुलाबी, देवघरातल्या पंचपात्रासारखा. घरी आलेला पाहुणा बिनदिक्कत दुसरा उचलतो. नागपूरच्या इतवारी बाजारात जुनी नाणी पारखून घेणारा जाणकार मात्र दुसरे नाणे उलटसुलट करून न बोलता खाली ठेवेल, कारण ते गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून माझ्याच हातून घासले गेले आहे.

टाकसाळीतून नुकते बाहेर पडलेले तांबे गुलाबीसर लाल असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर क्यूप्रस ऑक्साइडचा थर चढू लागतो. हा थर अतिशय पातळ असेपर्यंत त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात तसे जांभळे-निळे रंग नाण्यावर उमटतात. थर जाड होत गेला की हे रंग मावळतात आणि तपकिरी छटा येते. त्यात काळे क्यूप्रिक ऑक्साइड आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तयार होणारे सल्फाइड यांची भर पडते. संग्राहक ज्याला पॅटिना म्हणतात तो हाच थर. तो घट्ट आणि एकसंध असेल तर खालच्या धातूचे रक्षण करतो. मुख्य म्हणजे, तो नाण्यावर बसलेला मळ नसून नाण्याच्याच तांब्यापासून बनलेला असतो. चिंचेतल्या टार्टारिक आम्लात हा थर विरघळतो, मिठातला क्लोराइड त्या कामाला हातभार लावतो, आणि थराबरोबर नाण्याचा मूळ पृष्ठभागही निघून जातो.

मग उरलेली लाली आणि टाकसाळीची लाली यांत फरक कसा ओळखायचा? नाणे एकाच दिव्याखाली धरून हळूहळू तिरपे फिरवावे. यंत्राच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अत्यंत बारीक, किरणांसारख्या रेषा उमटतात. मूळ नाणे फिरवले की या रेषांवरून प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरगरतो. आम्लाने या रेषा बोथट होतात. माझे गुलाबी नाणे कसेही फिरवले तरी सगळीकडून सारखेच, निर्जीवपणे चमकते. धुतलेल्या नाण्यावर गंधकयुक्त रसायन लावून त्याला पुन्हा तपकिरी करण्याचा उद्योगही चालतो. अशा नाण्यावर रंग खोलगट आणि उंचवट्याच्या भागांत संशय यावा इतका एकसारखा असतो, कारण या हातातून त्या हातात फिरलेल्या नाण्याचे उंचवटे नेहमी थोडे फिके असतात.

रंग आणि अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्या संग्राहकाला उशिरा कळते. अवस्था म्हणजे प्रामुख्याने झीज: सिंहाच्या आयाळीतले केस दिसतात की नाही, झेंड्याच्या घड्या सपाट झाल्या आहेत का. अमेरिकेत नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तिथे आज न वापरलेल्या तांब्याच्या नाण्याला या आकड्यापुढे लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी असा शेराही जोडतात. जुन्या सेंटचे काही कडक संग्राहक तर आधी छापाची स्पष्टता मोजतात आणि मग गंज व खरवड यांसाठी गुण कापतात. मला ही पद्धत न्याय्य वाटते. आपल्या शिवराईला मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची ही नाणी हाताने ठोकलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधले एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले असणे हा दोष नव्हे. अक्षर पुसट असेल तर भिंगातून पाहावे: झिजलेली जागा गुळगुळीत असते, आणि ठोकाच नीट न बसलेल्या जागी चकतीचा मूळ खडबडीतपणा शिल्लक राहतो.

हिरव्या रंगाची गोष्ट वेगळी, आणि इथे चूक महागात पडते. विदर्भातल्या काळ्या, चुन्याचे प्रमाण जास्त असलेल्या मातीत पुरलेल्या तांब्यावर बहुधा मॅलाकाइट म्हणजे तांब्याचे कार्बोनेट जमते. ते गडद हिरवे, कठीण असते. त्याला हात न लावणे उत्तम. त्याउलट फिकट, पोपटी, सुई लावताच भुकटी होऊन गळणारे ठिपके दिसले की सावध व्हावे. नाव कांस्यरोग असले तरी हा विकार शुद्ध तांब्यालाही होतो. बारीक खळग्यांत अडकलेले तांब्याचे क्लोराइड ओलावा आणि ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावते, त्यातून ती पोपटी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाऊन पुन्हा क्लोराइड बनवते. माझ्या नाण्यावर, उजव्या सिंहाच्या पंजाशी, ऑगस्टमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके उमटले. मी ते सुईने काढले. पंधरा दिवसांत ते परत आले. मीठ दिवाळीत लावले होते, फळ पावसाळ्यात मिळाले.

सापेक्ष आर्द्रता सतत ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र जवळपास थांबते. नागपूरचा कोरडा, ४५ अंशांचा मे महिना त्यासाठी आदर्श असायला हवा. पण आपण त्याच मे महिन्यात खोलीत कूलर लावतो आणि ओल्या ताट्यांतून आलेली हवा नाण्यांच्या कपाटावर सोडतो. त्या खोलीतल्या नाण्यांचा पावसाळा एप्रिलातच सुरू होतो! नाणी कूलरपासून दूरच्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटून नाण्यावर चिकट हिरवा लेप बसतो, म्हणून पाकिटे पॉलिएस्टरची घ्यावीत. नाणे नेहमी कडेने धरावे, कारण घामातल्या मिठाने उमटलेला बोटाचा ठसा तांब्यात कोरल्यासारखा कायमचा राहतो.

आजारी नाणे मी सध्या ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवले आहे आणि पाणी दर दोन दिवसांनी बदलतो आहे, जेणेकरून उरलासुरला क्लोराइड निघून यावा. टेबलावर ते केवळ या लेखापुरते, टिपकागदावर, बाहेर काढले आहे. पंजाशी तीन बारीक खड्डे आता स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या कडेने पहिली तपकिरी छटा धरू लागली आहे.